सात खटक्यांचा निळा

२० डिसेंबर

पंचवीसपैकी चोवीस! एक चुकला तो भगीरथच्या शिंकेमुळे. माझा काही दोष नाही.

लाल लावला की चार खटके. हिरवा लावला की पाच. निळ्याला सात. आणि काहीच लावलं नाही तर खटकाच नाही, ते कोणीही सांगेल. दिपाली मॅडम मला काळ्या पडद्याआड बसवते. समोर नखाएवढी काच. भगीरथ पलीकडे बसून यंत्राचं बटण फिरवतो — खट, खट, खट. ती विचारते, "बाबा, कुठला रंग?" मी मान पुढे काढतो, डोळे बारीक करतो, उगाच जरा वेळ घेतो आणि सांगतो.

लाल दिसतो. हिरवा दिसतो. निळा दिसत नाही. काळोखात काळोख, एवढंच. तो मी कानाने बघतो. आज पाचव्या खटक्यानंतर हा भगीरथ एवढ्या मोठ्याने शिंकला की पुढचे दोन बुडाले. मी मोजण्याच्या नादात काचेकडे न बघताच म्हटलं "हिरवा." दिपालीने काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मान लांब करूनही दिसलं नाही.

चाळीस वर्षं भाताच्या गिरणीत काढली. तांदूळ तळहातावर घ्यायचो आणि सांगायचो — अजून एकदा घाला, कोंडा राहिलाय. मालक स्वतः कधी बघायचा नाही. त्या नजरेसाठीच इथे घेतलं मला, दुसरं कशासाठी? चौथी पास माणसाला मुरबाडच्या कारखान्यात कोण खुर्ची देतं? आता डोळ्यांत मोतीबिंदू आहे हे कळलं तर उद्यापासून घरी. आणि घरी बायको आहे, ठकू!

२१ डिसेंबर

रात्रभर शिंकेचाच विचार. भगीरथला तपकिरीची सवय आहे का, विचारलं पाहिजे.

२४ डिसेंबर

आज वीज गेली, जनरेटरही रुसला, म्हणून काम बंद. मग भगीरथने मला खिडकीतून सगळं दाखवलं. आत जायला अंगभर पांढरा झगा घालावा लागतो, तोंड बांधावं लागतं. मला म्हणतो, "तुमी नको. तुमच्या धोतरातनं आख्खं टोकावडं गाव भरंल एवढी धूळ निघंल."

तर ते असं आहे. लोखंडी डबा आहे, आमच्या पिठाच्या पिंपाएवढा. त्यातली हवा पंपाने उपसतात. तळाला इवल्याशा वाट्यांत चिमूटभर भुकटी तापवतात. तिची वाफ वर जाऊन काचेवर बसते. काच उलटी टांगलेली. मध्ये बारीक भोकांची पत्र्याची जाळी. लाल रंगाची भुकटी बसली की जाळी तसूभरसुद्धा नाही, केसापेक्षा कमी सरकवायची. मग हिरवा. पुन्हा सरकवायची. मग निळा. म्हणजे एकाच जागी तिन्ही रंगांचे पट्टे शेजारी शेजारी. ज्याला वीज द्यावी तो पेटतो. आत दिवा नाही, ती भुकटीच उजेड देते.

म्हटलं, "थर केवढा?"

"केसाचा हजारावा भाग."

यासाठी सात माणसं, दोन एअरकंडिशन आणि एक जनरेटर! गिरणीत आम्ही दिवसाला चाळीस पोती काढायचो.

या भुकटीचे नखरे तर विचारू नका. दमट हवा लागली की काचेवर काळे डाग. म्हणून एक काचेची पेटी केली आहे, तिच्यात साधी हवासुद्धा नाही, नायट्रोजन भरलाय. पेटीला दोन लांब रबरी हातमोजे. दिपाली त्यात कोपरापर्यंत हात घालून तासन्तास बसते. भगीरथ म्हणाला, "पारडू आडवं आलंय म्हशीचं. मॅडम बाहेर काढतायत."

एवढं करून निळा सगळ्यात आधी मरतो. लाल टिकतो, हिरवा टिकतो, निळा निम्म्यावर मंद होतो. त्याला वीजही जास्त लागते. म्हणूनच त्याचे सात खटके! आज कळलं. निळ्याचा हा एवढाच गुण मला आवडला.

२ जानेवारी

संदीप साहेबांकडे पाहुणे आले होते. चार बूट, चार कोट. साहेब परदेशात शिकून आले आहेत, मराठी बोलताना मध्येच थांबतात, जणू शब्द खिशात शोधताहेत.

आज प्रथम समजलं की हे सगळं कशासाठी. साखर तपासायचं यंत्र काढणार आहेत. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब द्यायचा. आकडा नाही, काही नाही. हिरवा आला की ठीक. लाल आला की साखर वाढली. निळा आला की साखर पडली, ताबडतोब काहीतरी गोड खायचं. ज्यांना आकडे वाचता येत नाहीत अशा गावातल्या म्हाताऱ्यांसाठी. साहेब म्हणाले, "अगदी अडाणी माणसालाही कळेल," आणि हात माझ्याकडे केला.

चौथी पास आहे! पाढे तिसापर्यंत येतात. पण नोकरीचा प्रश्न होता, म्हणून हसलो.

पाहुण्यांसमोर पंचवीसपैकी पंचवीस. टाळ्या!

दिपाली मात्र टाळी न वाजवता उभी. साहेबांना म्हणाली, "सर, हा निळा फार गडद आहे. मला आकाशीकडे झुकणारा हवाय. भुकटी बदलावी लागेल."

"किती दिवस?"

"सहा महिने."

"बाबांना दिसतोय की."

मग ती माझ्याकडे वळली. खाली वाकली, आवाज हळू केला. "बाबा, खरं सांगा. माझी भीड नको, साहेबांची नको. निळा स्पष्ट दिसतो?"

"आरशासारखा."

साहेब म्हणाले, "डन. निळा पास." पाहुण्यांनी काजूकतली खाल्ली. मलाही एक दिली.

आधी माझ्याबरोबर तानसा तलावाकडचा मंगळ्याही बसायचा. माझ्याच वयाचा. निळ्याला दर वेळी म्हणायचा, "नाय दिसत." चार दिवस तेच. साहेब म्हणाले, याचं लक्ष नाही. मग तो कुटुंबाबरोबर वीटभट्टीवर निघून गेला. बावळट! शेजारी खटके वाजत होते, मोजायचं डोकं नाही.

६ जानेवारी

घात झाला.

नवीन यंत्र आलं. बटण नाही. बोटाने काच दाबायची. आवाज नाही — श्वासाएवढासुद्धा नाही!

"भगीरथ, जुनं काय वाईट होतं रे?"

"जुनं पुण्याला गेलं दुरुस्तीला. तुमाला काय करायचंय? तुमी बघायचं काम करता का फिरवायचं?"

पोटात कळ आली म्हणून घरी आलो. आली नव्हती. एसटीत बसल्यावर मात्र खरोखरच आली.

७ जानेवारी

चक्कर.

९ जानेवारी

गुडघा. दिपालीने विचारलं, "गुडघ्याने रंग बघता का बाबा?" हसून म्हणाली, पण म्हणाली.

१० जानेवारी

ठकूला सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं दया करेल.

"मला म्हाईत हाय," म्हणाली. "तुमाला मीठ कमी पडलं तर बरं समजतं. परवा भाजीत झुरळ होतं, ते आवडीनं खाल्लंत."

"सांगितलं का नाहीस?"

"मलापन खाल्ल्यावर समजलं. दोन होती."

तिच्याही डोळ्यांत तेच आहे. डॉक्टरने दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. म्हणते, "मला चूल दिसते, तुमी दिसता, आणिक काय बघायचं राहिलंय?" तिला साखरही आहे. गोळी घेते, पथ्य माझ्यावर चालवते.

शेवटी तिनेच ठरवलं. मुरबाडला मोतीबिंदूचं शिबिर आहे, गुपचूप करून यायचं. चांगल्या डोळ्याने परत खुर्चीत बसायचं. कोणाला कळायला नको.

मला भुलीची भीती वाटते. सुईचीही. आणि ऑपरेशन चालू असताना वीज गेली तर?

१३ जानेवारी

साहेबांना सांगितलं, म्हसा गावच्या जत्रेला जातो, आठवडाभर रजा द्या.

"बैल घेताय का बाबा?"

"बघतो, पटला तर."

शेत नाही, गोठा नाही, वय एकाहत्तर. साहेबांनी मान डोलावली! भगीरथ मात्र गेटपर्यंत सोडायला आला. "दात नीट बघून घ्या बैलाचं," म्हणाला. "नायतर गाय आनाल."

याला काही कळलंय का? एसटीत सगळा वेळ हाच विचार. आमचं टोकावडं मागे गेलं तरी कळलं नाही, पुढच्या थांब्यावरून चालत आलो.

१५ जानेवारी

उजवा डोळा झाला. लिहू नका म्हणाले. लिहीत नाही.

१८ जानेवारी

शेजारच्या भिमीच्या छपरावर ताडपत्री आहे. निळी!

पाच वर्षं तिला मी काळी समजत होतो. दोनदा भिमीला म्हटलंय, "छपरावर सुतक घालून बसलीस काय?" ती काय समजली असेल!

पाण्याचं पिंप निळं. एसटीच्या पासाचं पाकीट निळं. ठकूचं लुगडं मी राखाडी म्हणायचो, ते निळं. तिला सांगितलं तर म्हणाली, "धुऊन धुऊन राखाडीच झालंय. तुमी आता जास्तच बघाया लागलात."

ही वही मागे चाळून पाहिली. अक्षर म्हणजे एकेक म्हैस! ओळीत तीन शब्द. आता ओळीत आठ बसतात. कागद वाचेल.

एक डोळा झाकून दुसऱ्याने बघायचा नाद लागला आहे. उजव्याने पिंप निळं. डाव्याने कसलंतरी मळकट. उजव्याने निळं, डाव्याने मळकट. ठकूने पळी उगारली तेव्हा थांबलो.

२२ जानेवारी

कामावर. काळा चष्मा लावून गेलो. सांगितलं, जत्रेत डोळे आले. साथ आहे. भगीरथने खुर्ची दोन हात लांब सरकवली आणि दुपारी माझ्याकडे पाठ करून जेवला. ही युक्ती आधी सुचायला हवी होती!

पडद्याआड चष्मा काढला.

मग तो लागला. निळा. सहा महिने मी ज्याला नुसता ऐकत होतो, तो पहिल्यांदा बघितला. मान्य करावं लागेल — चांगला आहे. एवढ्याशा काचेत एवढा रंग. दिपालीने "कुठला?" म्हणून दोनदा विचारलं तेव्हा तोंड उघडलं.

पंचवीसपैकी पंचवीस. आणि खरे! कोणाला सांगू?

ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला दिसतो ना, मग माझी काळजी मिटली." तिच्या चेहऱ्यावर एवढा आनंद की मला कळेना, माझ्या एकट्याच्या डोळ्यांचं हिला काय एवढं? तिचा बाप आहे का मी?

३० जानेवारी

पहिली वीस यंत्रं तयार. टोकावड्याच्या बाजूला ज्यांना साखर आहे त्या म्हाताऱ्यांना वापरून बघायला दिली. एक ठकूला, एक भिमीला. दिपालीने घरोघर बसून तोंडी शिकवलं — हिरवा, लाल, निळा. ठकूने तिला दोनदा चहा पाजला आणि स्वतःच्या चहात माझ्यादेखत साखर घातली. यंत्र आलंय ना घरात, आता काय भीती!

भिमी विचारत होती, "ह्याला रेंज लागती का?"

८ फेब्रुवारी, एकादशी

हातांचा गूळ आत्ता धुतला. आता लिहितो.

मला सुट्टी, ठकूचा उपास. साखरेची गोळी मात्र सकाळी घेतली. "गोळी म्हंजे काय जेवन नव्हं," हे तिचं शास्त्र. वर फराळही केला नाही, लाकडं आणायला गेली. अकराच्या सुमारास आली ती दारातच बसली. अंगाला घाम. हात कापत होते. म्हणाली, "यंत्र आणा."

स्वतःच टोचलं तिने. थेंब दिला. यंत्र डोळ्यांजवळ धरलं. मी आत पाणी आणायला गेलो होतो. ऐकू आलं — "मेलं हे. पेटतच नाय." आणि यंत्र बाजूला ठेवून ती आडवी झाली.

बाहेर आलो. यंत्र जमिनीवर पडलेलं. आणि काचेत निळा! स्वच्छ, भरगच्च निळा!

"अगो पेटलंय! निळं पेटलंय!"

"कुठं? काळं तर हाय."

गूळ कालवला. ती ओठ मिटून. "एकादशी हाय माझी." मी म्हटलं, गूळ उपासाला चालतो. म्हणाली, "तुमी हात धुतलं नाय." एवढ्या स्थितीत! शेवटी नाक दाबून पाजला. पंधरा-वीस मिनिटांत उठून बसली आणि पहिलं काय बोलली? "एवढा गूळ घातलात? आता लाल येईल."

मी ओसरीत जाऊन बसलो. भिमी आली. सगळं ऐकून म्हणाली, "माझंपन यंत्र मधनंमधनं पेटत नाय. मी गप ठेवून देते. म्हटलं लाइट नसंल."

भिमीच्या डोळ्यांतही मोतीबिंदू आहे. त्या वीस घरांत कोणाच्या नाही?

मी घरात नसतो तर.

९ फेब्रुवारी

सांगावं का? सांगितलं तर काय सांगावं?

यंत्र बिघडलंय म्हणावं? बिघडलेलं नाही. ठकूला नीट बघता येत नाही म्हणावं? मंगळ्यालाही असंच म्हटलं होतं. तो खरं बोलत होता, त्याला घालवला. मी खोटं बोललो, मला काजूकतली.

माझ्या डोळ्याचं कळलं तर नोकरी जाणार. जाऊ दे. पण ती पोरगी भुकटी बदलायला सहा महिन्यांची मुदत मागत होती. मी म्हटलं, आरशासारखा.

ठकू म्हणते, "जाऊन सांगा आणि काय व्हायचं ते होऊ द्या. निदान तुमचं रातचं कुशी बदलणं थांबंल."

वीस यंत्रं. उद्या किती जण टोचतील?

१० फेब्रुवारी

सांगितलं. चहाच्या वेळी, उभ्यानेच. आधी बरंच काही पाठ करून गेलो होतो, ते विसरलो.

"मॅडम, निळा मला दिसत नव्हता. मी भगीरथचे खटके मोजत होतो."

भगीरथच्या हातातला पाव चहात पडला. "माझे? म्हंजे काय मोजत होता?"

"लाल चार. हिरवा पाच. निळा सात."

तो यंत्राच्या जुन्या वहीत बघून आला. "सात! बरोबर सात, मॅडम! बाबांनी बिनचूक—" मग दिपालीच्या चेहऱ्याकडे बघून त्याने वही मिटली.

"केव्हापासून?" तिने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"आणि आता?"

"आता दिसतो. जत्रेला गेलो नव्हतो. डोळा करून आलो."

मग ठकूचं सांगितलं, भिमीचं सांगितलं.  ती रडेल असं वाटलं, ओरडेल असं वाटलं. यातलं काहीच केलं नाही. फोन उचलून साहेबांना म्हणाली, "सर, वीसच्या वीस परत आणायची. आज. नाही, उद्या नाही, आज."

साहेब खाली आले. माझ्याकडे बघून इंग्रजीत काहीतरी बोलले. मला कळलं नाही. सूर कळला. मग मराठीत म्हणाले, "बाबा, तुम्ही घरी जा."

गेलो नाही. वीस घरं कोणती, कुठली पायवाट, कोण दुपारी रानात असतं, हे कारखान्यात कोणाला ठाऊक? जीपमध्ये पुढे बसलो. अंधार पडायच्या आत एकोणीस गोळा केली. विसावं भिमीचं. ती देईना! म्हणाली, "पेटत नसलं तरी शोभतं."

११ फेब्रुवारी

कामावर गेलो नाही. घरी बसलो. ठकू तीनदा अंगावरून झाडू मारून गेली.

१२ फेब्रुवारी

दिपालीने बोलावून घेतलं. कपाटातून फाईल काढली. पहिल्या पानावर माझा फोटो, खाली इंग्रजी. हे पान मी शंभरदा बघितलं असेल. तिने वाचून मराठीत सांगितलं — "यमाजी, वय एकाहत्तर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. याच कारणासाठी निवड."

"बाबा, पहिल्या दिवशीच दिसलं होतं मला. तुमची बुबुळं गढूळ होती. हे यंत्र ज्यांच्या हातात जाणार त्यांचे डोळे असेच असणार. त्यांना निळा दिसतो का, एवढंच मला विचारायचं होतं. गिरणीतली नजर नको होती."

नवीन आकाशी भुकटीचा पहिला नमुना तपासायला पुढच्या महिन्यात येणार आहे.

माझ्या डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मंगळवारची होती. येताना शिबिराच्या दवाखान्यात जाऊन ती रद्द केली. उजव्यावर फडकं बांधून पडद्याआड बसेन. ठकूला अजून सांगितलेलं नाही.